फोटो काढायचा तर दोघांचा

मापुतोच्या धक्क्याला प्रवासी जहाज लागलं की त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या मफलाला वस्तीत पाहुणे येणार, हे ठरलेलं. सकाळी त्यांना घुमटाचं रेल्वे स्टेशन दाखवतात. मग ते लोखंडी घर, ज्यात उकाड्यामुळे कुणाला राहताच आलं नाही. मग मासळीबाजार. शेवटी आम्ही. लाकूड-पत्र्याची घरं, वाळूच्या गल्ल्या, एका जुन्या फुटबॉलपटूची खोली, आणि सगळ्यांत शेवटी अतिजाच्या अंगणात बायकांचा तुफो नाच. चार डफ, बारा बायका, सगळ्यांची एकाच छापाची वस्त्रं, आणि चेहऱ्यावर मुसिरोचं खोड उगाळून लावलेला पांढरा लेप.

अतिजा या बायकांची म्होरकी. उत्तरेकडच्या अंगोशेहून लग्न होऊन इथे आली, नवरा गोदीत होता, तो लवकर गेला. वस्ती तिला तिया म्हणते, मावशी म्हणावं तसं. मी तिच्या शेजारी राहते, शाळेत भूगोल शिकवते. माझ्या नकाशाच्या पुस्तकातली बंदरं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा तिला जास्त पाठ होती. त्याला कारण होतं.

तिचा एकुलता एक मुलगा सुआले गोदीत जहाजांचे दोर बांधायचा. बाविसाव्या वर्षी तो एका जहाजाबरोबर निघून गेला. एक फोन डर्बनहून आला, एक लिस्बनहून. त्यानंतर नऊ वर्षं काही नाही. पोलीस, मशिदीतले मोठे लोक, गोदीतले नवऱ्याचे जुने सोबती, सगळीकडे ती जाऊन आली. मग सहल कंपनीचा वाटाड्या इवाल्दो तिच्या अंगणात नाच ठेवायचं विचारायला आला, आणि तिला वाटलं, हे बरं आहे. आपल्याला जगात जाता येत नाही, पण जगच जेवायच्या आधी आपल्या दारात येतंय.

तिने सुआलेचा फोटो मोठा करून घेतला, प्लास्टिकमध्ये घातला. त्याच्या मागे पोर्तुगीज आणि इंग्रजीत त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, जन्माचं साल आणि इवाल्दोचा फोन नंबर लिहिला. म्हणजे मी लिहिला. ती सांगत होती, मी लिहीत होते.

नाच संपला की पाहुणे फोन उचलायचे. तेव्हा अतिजा तो फोटो छातीशी धरून उभी राहायची. "फोटो काढायचा तर दोघांचा काढा. एकटीचा काढू देणार नाही." मग एकेकाला विचारायची, कुठल्या गावाचे. समुद्रकाठचा असला तर त्याला पाणी, भजी घातलेला पाव, फोटोची पाठ वाचायला. समुद्र नसलेल्या गावाच्या माणसात तिला रस नसे. एकदा एक स्विस गृहस्थ हसत पुढे आले.

"यांच्या देशाला समुद्र नाही, तिया," इवाल्दो म्हणाला.

"अगंबाई, मग खातात तरी काय?" असं म्हणून ती पुढच्याकडे वळली.

इवाल्दो वैतागायचा. "लोक नाच बघायला येतात, तिया. तुम्ही त्यांना रडवून पाठवता. कंपनीवाले मला बोलतात."

"कुणी जेवल्यावर रडला तर स्वयंपाक वाईट होता का?"

"तसं नाही हो..."

"मग गप बस आणि त्या लाल टोपीवाल्याला विचार, हांबुर्ग बंदर आहे ना?"

माझा निल्टन तेव्हा तेरा वर्षांचा होता. तोही पाहुण्यांच्या मागेमागे फिरून इंग्रजी शिकायचा आणि संध्याकाळी गोदीच्या भिंतीवर जाऊन बसायचा. मी त्याला ओरडायचे. अतिजा मला म्हणायची, "ओरडू नकोस गं. ओरडण्याने जातात की काय, मला अजून कळलेलं नाही."

अशी चार वर्षं गेली. तिचा तो फोटो किती फोनांमध्ये गेला असेल, कोण जाणे. काही पाहुण्यांनी तो पाठीवरच्या नावासकट इंटरनेटवर लावला, खाली लिहिलं, मुलाला शोधणारी आई. ते तिला कळलं तेव्हा तिने वस्तीत गोड भात वाटला.

मे महिन्यात एका गुरुवारी शाळा सुटताना इवाल्दो फाटकाशी उभा होता. हातात फोन. त्याने नमस्कारही केला नाही.

"बाई, निरोप आलाय. लिस्बनच्या एका बाईंकडून. दोन वर्षांपूर्वी त्या येऊन गेल्या होत्या. सोबत आवाज आहे."

"कुणाचा?"

"त्याचाच."

"मग इथे काय करतोस? तिच्याकडे जा ना!"

"तुम्ही आधी ऐका. मला ऐकता येतं, बाई. सांगता येणार नाही."

आम्ही चिंचेखाली उभं राहून ऐकलं. पाऊण मिनिटाचा निरोप. सुआले म्हणत होता, तो फोटो बंद करा. मी इथे दुसऱ्याच्या कागदांवर राहतोय, दुसऱ्या नावाने. कामावरच्या एकाने मला तो फोटो दाखवला, खाली माझं खरं नाव. कुणी हे जोडून बघितलं तर मला धरून परत पाठवतील. माझ्या दोन मुली आहेत. म्हातारीला सांगा, बंद कर. मला उत्तर पाठवू नका.

ते नाव माझ्या अक्षरात होतं.

"आपण फक्त एवढंच सांगू, की तो जिवंत आहे," इवाल्दो म्हणाला. "बाकीचं पोटात ठेवू."

"मग उद्यापासून ती फोटो दुप्पट दाखवेल."

आम्ही तिच्याकडे गेलो. ती मुसिरो उगाळत बसली होती, शनिवारच्या जहाजासाठी. मी तिला सांगितलं की सुआलेचा आवाज आलाय, आणि बातमी बरीही आहे, वाईटही. तिने हात पुसले, फोन कानाशी धरला. पहिल्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, "सर्दी झालीय त्याला."

इवाल्दो फोन परत घ्यायला पुढे झाला.

"नाक चोंदलंय बघ. लहानपणीही असंच. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना तिचा चेहरा हळूहळू स्थिर झाला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं.

"यात आई कुठे म्हणाला?" तिने विचारलं. "माझ्याकडून सुटलं का?"

मी म्हटलं, "घाईत असेल, तिया."

"म्हातारी म्हणाला ते ऐकलं मी. म्हणू दे, आहेच मी म्हातारी. मुलींची नावं सांगितली नाहीत ना?"

"नाही."

"विचार ना त्याला. एवढंच विचार."

इवाल्दोने लिस्बनच्या बाईंना लिहिलं. उत्तर आलं नाही, पुढे कधीच आलं नाही. त्याच संध्याकाळी अतिजाने फोटो प्लास्टिकमधून काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि ब्लेड दिलं. "तू लिहिलंस, तूच खरवड." मी पाठीवरची अक्षरं खरवडली. कागद पातळ होऊन एका जागी फाटला, थेट त्याच्या कानापाशी. ती म्हणाली, असू दे. मग फोटो कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. इवाल्दोने कंपनीच्या पानावरचे फोटो काढून टाकायला लावले. लोकांनी आपापल्या पानांवर लावलेले कोण काढणार?

शनिवारी जहाज आलं. नाच झाला. अतिजा नेहमीसारखी पुढे होती, खांदे नेहमीसारखे हलत होते. संपल्यावर पाहुण्यांमधली एक उंच, पिकल्या केसांची बाई पुढे आली. तिच्या हातात छापलेला कागद होता आणि त्यावर अतिजा, छातीशी सुआले. ही बाई खास यासाठीच आली होती. ती अतिजाचा हात धरून काहीतरी बोलली, तिचे डोळे भरले होते.

इवाल्दोने मान खाली घातली. "त्या विचारताहेत, तुमचा मुलगा सापडला का?"

"कुठला मुलगा?"

"तिया..."

"मला मूलबाळ नाही. सांग त्यांना."

इवाल्दो माझ्याकडे बघू लागला. अंगणात बारा बायका उभ्या होत्या. त्यांतल्या झैनाबोने सुआलेची नाळ कापली होती. ती डफ पोटाशी धरून जमिनीकडे बघत राहिली.

"तुला भाषांतराचे पैसे देतात ना? मग सांग."

त्याने सांगितलं. त्या बाईने कागदावर बोट ठेवून पुन्हा विचारलं, मग हा कोण?

"बाजारातला फोटो आहे," अतिजा म्हणाली. "पाहुण्यांना गोष्ट आवडते, म्हणून सांगायचे. त्यांना म्हणावं, कागद फाडून टाका."

चेहऱ्यावर तो लेप असला की माणसाच्या मनातलं काही कळत नाही, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवलं. त्या बाईने तिचा हात सोडला. कागदाची घडी घालून तो पिशवीत टाकला आणि बाकीच्यांच्या मागून फाटकाबाहेर गेली.

आठवड्याने इवाल्दोने मला त्या बाईने इंटरनेटवर लिहिलेलं दाखवलं. मफलालातली म्हातारी खोटारडी आहे, परक्यांच्या आसवांवर धंदा करते, कुणीही फसू नका. खाली कितीतरी जणांनी राग व्यक्त केला होता. ज्यांनी आधी फोटो लावले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते काढून टाकले होते. कंपनीने सहलीचा शेवटचा थांबा दुसऱ्या अंगणात नेला. तुफोच्या बायका तिकडे जाऊ लागल्या. अतिजाला त्यांनी बोलावलं, ती गेली नाही.

मी चिडले होते. दुपारी तिच्याकडे गेले. ती उखळात शेंगदाणे कुटत होती.

"मी त्या बाईला उत्तर लिहिते," मी म्हटलं. "त्याचं नाव नको, गाव नको. फक्त एवढंच, की तू खोटी नाहीस. मला इंग्रजी येतं ना, तिया! तुझ्याबद्दल असलं वाचायचं आणि गप्प बसायचं?"

"सगळ्यांनी वाचलं का ते?"

"पुष्कळांनी."

"आणि विश्वास बसला त्यांचा?"

"बसलाय. म्हणूनच तर म्हणते."

तिने मुसळ टेकवलं आणि घाम पुसला. "मग लिहू नकोस, पोरी. खोट्या बाईच्या मुलाला कोण शोधत बसणार?"

आणि पुन्हा कुटायला लागली. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. निल्टनला शाळेतून यायला अजून दीड तास होता.