चाकणच्या डोंगरावरचा कोळकांदा

या ब्लॉगवरचे रानफुलांचे फोटो बघून बरेच जण वाट विचारतात. या वेळची वाट मात्र कुणाच्या नशिबी येऊ नये.

सुरेश माझ्या शिफ्टमधला, मूळचा संगमेश्वरकडचा. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याची बायको चाकणपलीकडच्या डोंगरावरून फोडशीची पानं खुडून आले. कोकणात पावसाळ्यात ही रानभाजी घरोघरी होते. दुसऱ्या दिवशी ती घरी एकटीच जेवली. सुरेशचं जेवण कंपनीच्या कॅन्टीनला. संध्याकाळी तिच्या उलट्या थांबेनात, नाडी मंदावलेली. काय खाल्लं ते मुळासकट आणून दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. घरी नुसती शिजलेली भाजी उरली होती, म्हणून सुरेशनं मला फोन केला.

उजाडताच सुरेशला मागे बसवून काळेवाडीहून बाइकनं निघालो. चिखली-तळवडे रस्ता तसा जवळचा, पण पुढे ट्रेलर लागले की देव आठवतो. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा. चौकातल्या टपरीवर चहा फर्मास मिळतो. आम्ही थांबलो नाही. शेवटच्या गोदामाच्या कुंपणाशी गाडी लावली की पायवाट सुरू होते, सगळा चिखल आणि निसरडा मुरूम. सुरेश हात टेकत, घसरत माझ्या पुढे पळत होता.

खुडलेल्या पानांचे बुडखे सापडले. मी खुरप्यानं खणलं. फोडशीला खाली बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्यांचा झुपका असतो. इथं हातात आला पातळ सालीचा गोल कांदा. चुरडला तर कांद्याचा वासच नाही. पान चपटं, मांसल, आणि रस लागून बोटं खाजायला लागली. हा कोळकांदा होता, विषारी.

"आमी मूळ कधी उपटत नाय," सुरेश म्हणाला. "पुढच्या वर्षी परत फुटायला नको काय?"

किती शहाणी रीत. आणि त्या रीतीमुळंच जमिनीतला कांदा त्याला दिसला नव्हता. मी कांदा पिशवीत टाकला.

परतताना ट्रेलरच्या रांगेत अडकलो. डॉक्टरांनी कांदा बघून लगेच औषधं बदलली, पण विष हृदयापर्यंत पोचलं होतं. दुपारी ती गेली.

रानभाजी खाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण एक तरी रोप मुळासकट उपटून बघा. खाली कांदा लागला तर सगळी भाजी टाकून द्या.

हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. ब्लॉगवर टाकणार काय, असं सुरेशनंच विचारलं. तुझी हरकत नसेल तर, मी म्हटलं.

"तिचा नाव नको टाकू," तो म्हणाला. "त्या कांद्याचा टाक."