हार घातलेला संगणक

झेंडूचा वास आला की मला लातूरच्या आमच्या महाविद्यालयातला तो संगणक आठवतो. प्रवेशअर्जांचे संकेतस्थळ त्यावरच्या ज्या सॉफ्टवेअरवर उभे होते, त्याची देखभाल निर्मात्यांनीच केव्हाच सोडून दिली होती. विद्यार्थिनी असूनही मी नवे संकेतस्थळ बांधून दाखवले, तर विभागप्रमुख म्हणाले, “चालायलंय ना ते? मग कशाला हात लावायलीस?” खंडेनवमीला त्यांनी त्याच यंत्राला हळदकुंकू वाहून हार घातला. त्या दिवशी शेवटच्या फेरीची मुदत संपत होती. निलंग्याहून एसटीने आलेल्या मुलीचा अर्ज भरतानाच संकेतस्थळ बंद पडले, ते पुन्हा उघडलेच नाही. “पुढच्या साली ये,” सर म्हणाले. मुलगी हाराकडे पाहत म्हणाली, “मेल्यावरच घालतेत की हार.” आज अशी सॉफ्टवेअरे बदलणे हाच माझा व्यवसाय आहे; सरांना मात्र मी क्षमा केलेली नाही.