तात्यांच्या ओसरीवरचा दमा

हसणार असाल तर आधी चहाची कपबशी खाली ठेवा, सांडेल. असली फजिती वैऱ्याचीही होऊ नये!

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच डॉक्टर झालेले, पुण्याच्या एका सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलेले, मुक्काम बारामतीत. प्रश्न असा, की दमा रक्तातून येतो की चुलीच्या धुरानं जडतो? त्यासाठी इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला जाऊन माणसं तपासायची. दमा असलेली, आणि नसलेलीसुद्धा.

गावात ओळख एकच, भीमराव तात्यांची. ते म्हणाले, "ताई, तुमी आमच्या ओसरीवर निवांत बसा. माणसं आणायचं काम माजं!"

आणि काय रीघ लागली म्हणता! जो येईल तो धापा टाकतोय. छातीला नळी लावावी, तर आत बासरी!

"वडलांना दमा होता?"

"व्हय की! आज्यालाबी हुता."

पुढच्या आजींना विचारलं, "तुमच्या घरात कुणाला?"

"कुणाला न्हाय त्ये इचारा!"

दुपारपर्यंत आनंदानं मलाच धाप लागली. अख्खं गाव दमेकरी, तेही पिढीजात! चुलीचा काय संबंध? पळत गाठला एसटीडी बूथ. "सर, सापडलं! रक्तातूनच येतो! असं गाव जगात नसेल!"

दुसऱ्या दिवशी सर जीप काढून हजर. सोबत आणखी दोन बडे डॉक्टर. मी वरमाईसारखी मिरवतेय!

ओसरीवर पुन्हा जमलेल्या दमेकऱ्यांकडे बघत सरांनी सहज विचारलं, "तात्या, ही मंडळी कोण?"

"आमची भावकीच हाय समदी. ह्यो चुलतभाऊ, ही आत्या, ती तिची लेक."

"आणि बाकीचं गाव?"

"आलं हुतं की काल! पर धडधाकट माणसं. म्या गल्लीच्या तोंडावरनंच परत लावली. म्हनलं, दम लागत न्हाय तर डॉक्टरीणबाईचा येळ कशाला खाताय?"

सर माझ्याकडे बघतायत, मी खांबाकडे. ते दोघे डॉक्टर तोंडावर रुमाल धरून खोकायला लागले. तो दमा नव्हता, एवढं मला कळलं!

"माणसं तू निवडलीच नाहीस," सर म्हणाले, "तात्यांनी निवडली. आता ओळीनं दर पाचव्या घरात जा. मग घरात कुणी का असेना!"

गेले. पहिल्याच घरी एक बाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"तुमच्यात दमा कुणाला?"

"न्हाय बया. सासू-सासरं, पोरंबाळं, समदी ठणठणीत!"

अहो, मी तर उडीच मारली! तिचे पिठाचे हात धरून ओरडले, "कुणालाच नाही? वा! वा! किती छान!"

तिनं हात सोडवले आणि परसाकडं हाक दिली, "अवो, पळा लवकर! डॉक्टरीणबाईला कायतरी झालंय, कुनीतरी डॉक्टर बोलवा!"