तांडेलांचा पडद्यावरचा समुद्र

पालघरच्या दवाखान्यात बाबांच्या खाटेजवळ पोचलो, तेव्हा माझ्या अंगावर अजून कंपनीचा गणवेश होता. बाबा म्हणजे माझे सासरे, सातपाटीचे तांडेल. जन्मभर मासेमारीची होडी चालवलेला माणूस. त्यांनी तोंडावरचा मास्क बोटाने जरा उचलला आणि विचारलं, "होडी?" बंदरात त्यांची होडी आता नव्हती, पण मला प्रश्न बरोबर कळला. छातीत कळ आली तेव्हा ते व्हिडिओ गेममधली होडी चालवत होते. शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घातलं, त्या धावपळीत कुणीतरी टीव्ही बंद केला आणि होडी भर समुद्रात राहिली. "लावली, बाबा. दोरही बांधला," मी म्हणालो. त्यांनी समाधानाने डोळे मिटले... दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. कंपनीतल्या साहेबांशी मी पुष्कळ खोटं बोललो आहे, त्याचं कधी काही वाटलं नाही. हे एक खोटं मात्र पाच आठवडे माशाच्या काट्यासारखं घशात अडकून राहिलं.

मी पाम गावचा, वाडीवाला. चिकू आणि नारळ एवढंच आमचं ज्ञान. लग्नानंतर कित्येक वर्षं बाबा माझ्याशी जेवणापुरतं बोलायचे. ज्याला वाऱ्याची दिशा सांगता येत नाही त्याच्याशी बोलणार तरी काय? मग त्यांचे गुडघे गेले, होडी विकावी लागली आणि त्यांनी बंदरावर जाणंच सोडलं. घरात पाठ समुद्राकडे करून बसायचे. माझी बायको वंदना धास्तावली. मे महिन्याच्या सुट्टीत आमची सई आजोळी निघाली, तेव्हा मी माझं गेमचं यंत्र तिच्याबरोबर दिलं. त्यातल्या गेममध्ये शत्रू नाहीत, गोळीबार नाही. निर्मनुष्य बेटं, वारा, एक शिडाची होडी आणि तीवर एक माणूस. फिरायचं आणि बघायचं. मी तो गेम पंधरा दिवसांत संपवला होता, नकाशाचा कोपरान् कोपरा उघडला होता आणि त्याचा मला अभिमानही होता!

बाबांनी पहिल्या दिवशी रिमोट हातात घेतला आणि अर्धा तास काहीच केलं नाही. होडी खाडीच्या तोंडाशी उभी. सई कंटाळली. "आजोबा, पुढे न्या ना!" बाबा म्हणाले, "पानी कुठं हाय? भरती लागंल तवा निंगू." सातपाटीच्या खाडीतून होडी निघते ती भरतीच्या पाण्यावर, त्यामुळे पडद्यावरचं पाणी चढायची ते वाट बघत होते. त्या गेममध्ये भरती-ओहोटी नाहीच, हे सईने सांगितलं तेव्हा ते खरोखर हळहळले. "येवडा मोटा समिंदर केला, नि भरती ईसरले?" सईकडून हे ऐकून आम्ही हसून लोळलो. पण त्या अर्ध्या तासात त्यांनी पाहिलं होतं की गवत वळलं की पाठोपाठ वारा फिरतो, पक्षी सांजवेळी एकाच खडकावर उतरतात आणि पाणी हिरवट दिसतं तिथे तळ वर आलेला असतो. गेम संपवूनही यातलं मला काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत ते तीन बेटांपलीकडे गेले नाहीत आणि मी सुट्टीच्या दिवशी सातपाटीला जाऊन, त्यांच्या शेजारी बसून, संपवलेला गेम पहिल्यांदा बघितला. "जावयबुवा," ते म्हणायचे, "सगला बरोबर हाय. फक्त वास नाय." मग खऱ्या वासांच्या, खऱ्या वाऱ्यांच्या गोष्टी निघायच्या. एका संध्याकाळी काठी शोधत ते म्हणाले, "चला, बंदरावर जाऊन येऊ." आणि गेलो की आम्ही!

यंत्र बंद करायचा त्यांचा एक नियम होता. होडी आधी किनाऱ्याला आणायची, दोर बांधायचा, मगच बटण. जेवण निवून जायचं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोपऱ्यात जवळ्याची बारीक सुकट निवडता निवडता करवादायच्या, "खूल लागलाय ह्यांना!" आमच्या भागात शुक्रवारी वीज जाते. अशाच एका शुक्रवारी होडी पाण्यात असताना वीज गेली आणि बाबा रिमोट हातात धरून काळ्या पडद्यासमोर चार तास बसून राहिले. जेवायला उठेनात. "खोटा मानूस हाय तो!" आई ओरडल्या. बाबा शांतपणे म्हणाले, "खोटा हाय, पन पान्यात हाय ना?" आईंनी ताट झाकून ठेवलं. आयुष्यभर त्यांनी डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकली होती आणि होडी यायला उशीर झाला की किनाऱ्यावर उभ्या राहिल्या होत्या. मासेमारीला निघालेल्या होडीत बाईने पाय ठेवायचा नाही, ही तिथली रीत. नवऱ्याबरोबर त्या कधीच समुद्रात गेल्या नव्हत्या.

पाच आठवड्यांनी, रविवारी दुपारी, सातपाटीच्या घरी मी धीर करून यंत्र सुरू केलं. मला होडी परत आणायची होती; बाबांना दिलेला शब्द मागाहून तरी खरा करायचा होता. बाबांसारखं शिडाचं काम मला अजूनही येत नाही. पडदा उजळला... आणि होडी खाडीत होती. काठाशी नीट लावलेली, दोर बांधलेला. माणूस काठावर, गवतात बसला होता. मी बघतच राहिलो. वंदनाला हाक मारणार, एवढ्यात मागून आईंचा आवाज आला.

"मी आनली."

त्या हात पुसत दारात उभ्या होत्या. दहावं झालं त्या दिवसापासून, दुपारी घरात कुणी नसलं की त्या रिमोट घेऊन बसायच्या. दोन वर्षं जवळा निवडताना नजर कुठे होती ते मला आत्ता कळलं. "तीन दिवस लागले. वाटच सापडंना," त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "दोनदा खडकाला लागली. ह्यांना सांगू नका हां."