मास्तरांचं नाव तिसऱ्या पानावर

बँडमध्ये सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसून त्यांनी एकोणतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं होतं आणि त्या खुर्चीपलीकडे जगाकडे त्यांचं काही मागणं नव्हतं. आता मात्र वरचे समोरचे दोन दात हलायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही काढावे लागतील. हिरडी भरून नवे बसेपर्यंत तीन महिने फुंकणं बंद.

तीन महिने म्हणजे खुर्ची गेलीच. मागच्या रांगेत बँडमास्तरांचा जावई क्लॅरिनेट घेऊन टपून बसला होता, आणि एकदा बसलेल्या जावयाला उठवणार कोण? म्हणून काकांनी मास्तरांना सांगितलं होतं, दात साफ करायला जातोय. मास्तरांनी मागितला म्हणून दवाखान्याचा नंबरही देऊन टाकला. मास्तरांना नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

दवाखान्यात काउंटरवरच्या ताईंनी चार पानी फॉर्म पुढे केला. कागद दिसला की आधी सहीची जागा शोधायची, ही काकांची सवय. ताईंनी पेन मागे घेतलं. आधी वाचा, मग सही, असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की काका मुकाट्याने बाकावर जाऊन बसले.

अर्धा तास त्यांनी मान वर केली नाही. फॉर्म परत आला तेव्हा तिसऱ्या पानावर, ‘आपल्या उपचारांची माहिती आम्ही कोणाला देऊ शकतो?’ या प्रश्नाखालच्या दोन ओळी केव्हाच भरून वाहत होत्या. पहिलं नाव मास्तरांचं. त्याखाली मास्तरांच्या बायकोचं. मग अख्खा बँड, बसतात त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. ढोलवाला कसाबसा समासात मावला होता.

“काका, ही काय आमंत्रणाची यादी आहे?” ताईंनी विचारलं.

“एकाचं लिहून दुसऱ्याचं गाळलं तर गाल फुगतात हो. वाजवणारी माणसं आम्ही.”

“आणि काकू कुठे आहेत यात?”

“ती घरचीच की. तिला कशाला लिहायचं?”

ताईंनी हसू दाबलं आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून समजावलं. यातल्या कोणीही फोन केला तर कुठले दात, कधी काढणार, किती दिवस लागणार, सगळं आम्ही सांगू शकतो; तशी परवानगी तुम्हीच देताय. काकू विचारायला आल्या तर मात्र आम्ही गप्प.

जी गोष्ट लपवायची, तीच त्यांनी सुवाच्य अक्षरात सोळा जणांना वाटून टाकली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तालमीची वेळ टळून गेली होती. मास्तरांचा आवाज ढोलावर मात करून कमावलेला; तो रिसीव्हरमधून बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. आमचा क्लॅरिनेटवाला तिथे आहे का, आणि साफसफाईला एवढा वेळ कसा? ताईंनी काकांकडे पाहिलं. फॉर्मवर अजून सही नव्हती. काकांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

“असे कोणी आमच्याकडे आलेत की नाही, हेही मला सांगता येणार नाही,” ताई म्हणाल्या.

पलीकडे शांतता. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मास्तरांना असं गप्प झालेलं काकांनी पहिल्यांदाच ऐकलं. मनातून त्यांना फार बरं वाटलं, पण फार वेळ नाही. इथून कोणी काही सांगणार नव्हतं. पण दात काढल्यावर पहिला सूर लावायची वेळ येईल तेव्हा क्लॅरिनेटच सगळं सांगून टाकणार होतं. त्यांनी कोरा फॉर्म मागून घेतला, फक्त काकूंचं नाव लिहिलं, सही केली आणि थेट तालमीची खोली गाठली.

“मास्तर, साफ करायला नव्हतो गेलो. पुढचे दोन काढायचेत. तीन महिने वाजवता येणार नाही.”

मास्तरांना दातांपेक्षा फोनवरच्या बाईंचाच राग जास्त होता. आधी त्याची सविस्तर उजळणी झाली. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

“हात तर शाबूत आहेत ना? झांजा घे,” ते काकांना म्हणाले. मग जावयाकडे वळले, “तू पुढे बस. चौथा महिना लागला की उठायचं. हे सगळ्यांसमोर सांगतोय.”

जावई कसनुसा हसत पुढे आला. काका शेवटच्या रांगेत झांजा घेऊन उभे राहिले. जावयाचा एकट्याचा तुकडा सुरू झाला, नाजूक, जवळजवळ बरा, आणि त्याच्या ऐन मध्यावर काकांची झांज दणकून पडली. चुकून, असं ते अजूनही सांगतात.