गेलेल्यांच्या पानावर दोन्या कुका

ओब्दुलियाचं तोंड फटकळ, पण सान आंब्रोसिओत कुणाचा फोटो नीट करून हवा असला की तिच्याच दारात जावं लागे. चर्चशेजारी तिचं झेरॉक्सचं दुकान. गावाची वेबसाइटही तिच्याच गळ्यात पडलेली, कारण नगरपालिकेतल्या एकालाही पासवर्ड आठवत नव्हता. अर्धं गाव उत्तरेला, अमेरिकेत. कागदपत्रं नाहीत, म्हणून परत यायची सोय नाही. नोव्हेंबरात इथे घरोघर मेलेल्यांचे फोटो झेंडूत मांडतात, तेव्हा तिकडची माणसं मोबाइल उभा करून त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात. त्यांच्यासाठी साइटवर एक पान होतं, गेलेल्यांचं. फोटो एकाखाली एक नुसते ओतलेले. पान उघडेपर्यंत मेणबत्ती संपायची.

यंदा ओब्दुलियाने कंबर कसली आणि त्या पानावर फोटोंची गॅलरी केली. छोट्या फोटोंच्या रांगा, बोट लावलं की मोठा होणार, खाली नाव. तेही टोपणनाव, कारण खऱ्या नावाने गावात कुणी कुणाला ओळखत नाही. लोक लग्नातले ग्रुप फोटो आणत, त्यातून ती नेमका आजोबा कापून काढी. खांद्यावर परक्याचा हात राहिला तर राहू दे म्हणे. नियम एकच, जिवंत माणसाचा फोटो त्या पानावर नाही. अपशकुन नको आणि लोकांच्या शिव्याही नकोत.

दोन्या कुका, म्हणजे आपल्याकडची कुकाबाई, रोज यायची, पिशवीत मुलाचा फोटो घेऊन. नासारिओ उत्तरेला गेला तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही. म्हातारी फोटो टेबलावर ठेवी, जरा वेळ बघत बसे, पुन्हा पिशवीत टाकी आणि घरी जाई. द्यावा तर पोटचं पोर आपल्या हाताने मारल्यासारखं. न द्यावा, आणि तो खरंच गेला असेल, तर त्याच्या नावाने मेणबत्ती लावणारंही कुणी नाही. ओब्दुलियाला तिची दया येई आणि रागही येई.

"दोन्या कुका, एकदाचं काय ते ठरवा," ती शेवटी म्हणाली. "पान उद्या चालू करायचंय."

"ठरवलं," कुका म्हणाली. "माझा फोटो काढ. माझाच लाव."

ओब्दुलियाने कानांवर हात ठेवले. कुका शाल सारखी करून खुर्चीत बसूनच राहिली. पोरगा जिवंत असेल तर हे पान बघणारच, तिकडे सगळेच बघतात. मेलेल्यांत आई दिसली तर त्याला राहवेल का, एवढंच तिचं म्हणणं. ओब्दुलिया पुष्कळ भांडली आणि भांडता भांडताच तिने कॅमेरा उचलला.

सणाच्या दिवशी दुकानाचा फोन थांबेना. नंबर साइटवर होताच. भाच्या, शेजारणी, जुन्या मैत्रिणी, सगळ्या रडत. कुका फोनपाशी ठाण मांडून बसलेली. प्रत्येकीला सांगे, मी धडधाकट आहे, तू फोन ठेव, लाइन अडवू नकोस. पाद्रीबाबा येऊन रागावून गेले. कुणीतरी तिच्या दारात मेलेल्यांसाठीचा गोड पाव ठेवून गेलं होतं. तो तिने दुकानात आणला आणि कॉफीत बुडवून खाल्ला.

दुपार कलल्यावर एक फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव सांगेना. दुसऱ्या रांगेतली ती शालवाली बाई कधी गेली, एवढंच त्याने विचारलं आणि मग त्याला बोलवेना. ओब्दुलियाने पुढचं ऐकायला थांबलीच नाही. तिने रिसीव्हर कुकाच्या हातात दिला.

कुकाने तो कानाला लावला. "मी मेले नाही रे," ती म्हणाली. "तू मेलास की काय, तेवढंच विचारायचं होतं."

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती. फोन ठेवला तेव्हा ओब्दुलिया तिचा फोटो पानावरून काढायला बसली होती.

"काढ," डोळे पुसत कुका म्हणाली, "पण टाकून देऊ नकोस. चांगला आलाय. पुढे लागेलच."