लाइट असताना

ज्या घरात सगळे मोठ्याने बोलतात, तिथे गप्प माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात मी सून म्हणून आले आणि पहिल्या वर्षातच ढीग झाला. त्यातले निम्मे एकाच रेकॉर्डचे, आणि सगळेच जपून ठेवावेत असे!

*

ती आली माझ्या रुखवतात. परदेशातल्या दादाने पाठवलेली, छोटीशी, एका बाजूला एकच गाणं. कुठल्याशा लहान बँडचं, संथ, पुटपुटल्यासारखं. होस्टेलवर ते मी कॅसेटवर ऐकायचे.

चकल्या-अनारशांच्या मधे ती पाहून चुलत सासूबाई म्हणाल्या, "एवढीशी ताटली? आन् तिलाबी भोक!"

*

घरात अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जुना रेकॉर्ड प्लेअर होता. ह्यांनी शहरातल्या द्वारका चौकातून नवी पिन आणली.

गाणं लागलं. अण्णांनी कान दिला. "मशीन दमलं!"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तेल सोडलं आणि खटका शेवटच्या स्पीडवर सारला. गायक पोपटासारखा किंचाळू लागला.

अण्णा खूश. "आता कसं! घाट चढून सपाटीला लागलं!"

*

पुढच्या वेळी मी हळूच बरोबर स्पीडवर लावलं. सासूबाई झेंडूच्या माळा ओवत होत्या.

"जेवला नाय का गं हा?"

गाणं संपलं. माळेला गाठ मारत म्हणाल्या, "परत लाव. ह्याच्या नादात सुई बोटात जात नाय."

*

हे सगळं पावसाळ्यातलं. पाऊस सरला आणि पंचाईत झाली. प्लेअर चालणार लाइट असली तरच. आणि लाइट आली रे आली की खिडकीखाली विहिरीची मोटार सुरू! भारनियमनात मिळेल तेवढ्या वेळात शेवंती भिजवायची. त्या घरघरीत गाणं पार बुडायचं.

माझंही तसंच चाललं होतं. मी काही बोलले की कुणीतरी विचारायचं, "काय गं?" मी म्हणायचे, "काही नाही." आपला आवाज या घरात कधी पोचणारच नाही, असं वाटायला लागलं होतं.

*

इगतपुरीहून अण्णांची थोरली बहीण आली. जेवताना सगळ्यांदेखत म्हणाली, "सून मुकी आणली का रे अण्णा?"

सगळे हसले. मीही हसले. हात धुऊन आत गेले आणि रेकॉर्ड लावली. मोटार चालूच होती. रेकॉर्ड नुसती फिरताना दिसत होती.

अण्णा ताटावरून उठले, बाहेर गेले. मोटार थांबली.

सासूबाई ओरडल्या, "अहो, लाइट हाय ना! शेवंती वाळंल!"

अण्णा उष्ट्या हातानेच दारात उभे राहिले.

"गप बसा सगळी. सूनबाई बोलतीय."